म्हातारी कोंबडी आजारी पडली? चोच उघडण्याआधी या चुका टाळा

कोंबडी मान टाकून बसली की घरात पुढचं सगळं ठरलेलं असतं. एक जण तिला काखेत धरतो, दुसरा चोच उघडतो आणि तिसरा चमच्याने काहीतरी ओततो: हळदीचं दूध, लसणीचा रस, गोडं तेल, नाहीतर पोराच्या तापाच्या औषधातलं उरलेलं. तरणी तलंग हे सोसून उभी राहतेही. चार-पाच वर्षांची कोंबडी मात्र अनेकदा मूळ दुखण्यातून वाचली असती, पण या ओतण्यातून वाचत नाही.

परसातली देशी कोंबडी नीट सांभाळली तर ६ ते ८ वर्षं सहज जगते. अंडी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर घटत जातात आणि पुढे अधूनमधून एखादं मिळतं. पोल्ट्रीतली कोंबडी जेमतेम दीड वर्षाची झाली की काढून टाकतात. त्यामुळे बाजारातलं खाद्य, औषधाच्या पाकिटावरचा मजकूर आणि दुकानदाराचा सल्ला हे सगळं तरुण कोंबडी डोळ्यांपुढे ठेवून आलेलं असतं. पाच वर्षांच्या कोंबडीचं मूत्रपिंड, यकृत, अंडाशय, सांधे यांचा हिशोब त्यात नसतो. तो आपल्यालाच ठेवावा लागतो.

खुडूक आहे की आजारी, हे न बघणं

खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने बसलेली, कोंबडी पिसं फुलवून एका जागी बसते, खात नाही, तुरा थोडा फिका पडतो. लांबून आजारीच वाटते. हात घातलात तर कळतं. खुडूक असेल तर ती फुगते, गुरगुरते, टोच मारते. दिवसातून एकदा उठून दाणे टिपते, पाणी पिते आणि लाडवाएवढी मोठी, घाणेरड्या वासाची शीट टाकून परत जाऊन बसते. ती शीट म्हणजे हगवण नव्हे, साठवलेली असते म्हणून तशी. आजारी कोंबडी उचलली तरी विरोध करत नाही. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी खाली, पंख सैल.

खुडकी मोडायला कोंबडीला गार पाण्यात बुचकळून काढायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. म्हाताऱ्या कोंबडीला, त्यातही पौष-माघाच्या थंडीत, हे करू नका. खाली जाळी असलेल्या, हवा खेळत्या पिंजऱ्यात दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली की खुडकी आपोआप मोडते.

पिसं झडण्याचंही तसंच. पावसाळा सरला की बऱ्याच कोंबड्या पिसं टाकतात. मानेपासून सुरुवात होते आणि सगळं उरकायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात अंडी बंद, कोंबडी चिडचिडी, उचललेलं तिला खपत नाही, कारण नवी पिसं फुटताना दुखतात. कातडीतून काट्यांसारखी नवी पिसं डोकावत असतील तर औषध नको, प्रथिनं वाढवा. कातडी नुसतीच उघडी आणि लाल असेल तर मात्र उवा किंवा दुसऱ्या कोंबड्यांच्या टोचा शोधा.

हाताला गरम लागली म्हणून तापाची गोळी

कोंबडीच्या अंगाचं तापमान धडधाकट असताना सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. आपल्या हाताला ती गरमच लागणार. त्यावरून ताप ठरवून कुणी पॅरासिटामॉल कुटून घालतं, कुणी अंगदुखीची गोळी. म्हाताऱ्या कोंबडीचं मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं आणि माणसाची बरीच वेदनाशामकं पक्ष्याच्या मूत्रपिंडावर जातात. डायक्लोफेनॅकने गिधाडं कशी संपत गेली हे सगळ्यांना माहीत आहे. मेलेल्या जनावरात राहिलेलं औषध पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. वेदना कमी करायची औषधं कोंबडीलाही देता येतात, पण औषध कोणतं आणि किती, हे वजन बघून पशुवैद्यकाने ठरवायचं.

आजारी कोंबडीची खरी अडचण बहुतेक वेळा उलटी असते: तिला ऊब टिकवता येत नाही. तळवे हातात धरून बघा. गार लागले तर आधी ऊब, बाकी सगळं मागून.

चोच उघडून ओतणं

कोंबडीची चोच उघडून आत बघा. जिभेच्या मागच्या टोकाला लागूनच एक छोटी फट श्वासासोबत उघडमीट करताना दिसते. ती श्वासनलिका. आपल्या घशात असते तशी झाकण घालणारी पडदी तिथे नसते. चमच्याने ओतलेलं पाणी, तेल, दूध सरळ त्या फटीत जाऊ शकतं. गेलं तर कोंबडी खोकल्यासारखा आवाज काढते, चोचीतून फेस येतो, आणि काही वेळातच नाहीतर एक-दोन दिवसांत न्यूमोनियाने जाते. मग घरचे म्हणतात, औषध दिलं होतं पण लागू पडलं नाही. तेल सगळ्यात वाईट, कारण फुप्फुसात गेलेलं तेल बाहेर येत नाही.

द्यायचंच असेल तर असं द्या. कोंबडी जुन्या पंच्यात पंखांसकट सैल गुंडाळा आणि मांडीवर सरळ, छाती खाली ठेवून बसवा. पाठीवर उताणी धरू नका. सुई काढलेली १ मिलिची सिरिंज घ्या. चोच न उघडता चोचीच्या कडेला, जिथे वरची आणि खालची चोच मिळते त्या फटीवर, दोन-तीन थेंब सोडा. ती चोच चाटल्यासारखी हलवेल आणि गिळेल. गिळताना मान किंचित वर जाते. ते दिसल्याशिवाय पुढचे थेंब नाहीत. अशा रीतीने एका बैठकीत ४-५ मिलि पुरे, तासा-दोन तासांनी पुन्हा. मान लुळी पडलेली असेल, तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा गिळतच नसेल तर थेंबसुद्धा नको. तिथे पशुवैद्यक नळीने किंवा कातडीखाली पाणी देतात.

पाण्याची चव घेण्याइतकी शुद्धीवर असेल तर चोचीचं टोक पाण्यात बुडवलं तरी ती स्वतः पिते. धडधाकट कोंबडी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण पाण्यात कालवून एखाद-दोन दिवस द्यायला हरकत नाही, मात्र साधं पाणी शेजारी हवंच आणि कालवलेलं १२ तासांनी फेकायचं. महिनाभर रोज तेच देत राहिलात तर मीठ जास्त होऊन हगवण लागते.

हळद, लसूण, तुळस? दाण्यात चिमूटभर घातल्याने काही बिघडत नाही. पण ते औषध नव्हे, आणि ते देत बसण्यात दोन दिवस जातात हे खरं नुकसान.

अंग न चाचपताच निदान

आजारी कोंबडीवर दहा मिनिटं शांतपणे घालवली तर निम्मी दुखणी हातालाच कळतात. वरून खाली एक क्रम ठेवा, म्हणजे काही राहत नाही.

तुरा आणि चोचीखाली लोंबणारी कातडी बघा. पांढरट म्हणजे रक्त कमी: जंत, उवा, गोचीड. निळसर-जांभळा म्हणजे हृदयाची किंवा श्वासाची अडचण. काळपट खपल्या, चामखिळीसारखे फोड म्हणजे देवी रोग. त्या खपल्या ओढून काढू नका, आपसूक पडतात, ओढल्या की जखम चिघळते. मग गळ्याच्या तळाशी, छातीच्या वर, थोडी उजवीकडे अन्नपिशवी चाचपा. त्यानंतर छातीचं मधलं हाड. दोन्ही बाजूंना मांस असेल तर बोट घसरतं. हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर कोंबडी आज आजारी पडलेली नाही, कित्येक आठवडे खंगत आली आहे. पिसांमुळे डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून चार वर्षांवरच्या कोंबडीचं महिन्यातून एकदा वजन करावं. पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लावली की झालं. सव्वा किलोच्या देशी कोंबडीचं सव्वाशे ग्रॅम वजन उतरलं, तर ती चरताना कितीही टुणटुणीत दिसो, काहीतरी चाललंय.

मग दोन पायांमधलं पोट, शेपटीखालची जागा, आणि शेवटी तळवे. तळव्याच्या मध्यावर काळी टणक टिकली आणि भोवती सूज असेल तर आत पू साकळलाय. हे दुखणं जड कोंबड्यांना जास्त होतं. तीन किलोची गिरिराज जातीची कोंबडी उंच दांडीवरून रोज उडी मारते, तळव्याला बारीक चीर पडते आणि जंतू आत शिरतात. घरच्या ब्लेडने ती टिकली खरवडून काढणं ही चूक फार होते. मुळं खोल असतात, रक्त थांबत नाही, आणि हा पू आपल्या हाताच्या जखमेलाही बाधतो. रोज १०-१५ मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवा (लिटरला दोन चमचे एप्सम सॉल्ट), कोरडा करा, पोव्हिडोन आयोडिन लावून पट्टी बांधा. सूज सुपारीएवढी असेल तर डॉक्टरांनाच कापू द्या. दांडी जमिनीपासून फूटभरच उंच ठेवा. रुंदी दोन इंच आणि कडा गोल केलेल्या, म्हणजे तळव्यावर टोचत नाही.

शीट बघताना एक गैरसमज काढून टाका. रोजच्या शीटेवर पांढरी टोपी असते, ते कोंबडीचं मूत्र. आठ-दहा शीटांत एखादी चॉकलेटी, चिकट, घाण वासाची येते, तीही ठीक. हिरवीगार शीट म्हणजे बहुधा पोटात अन्न नाही, नुसतं पित्त उतरतंय. रक्त दिसलं तर रक्ती हगवणीची शंका घ्या आणि ताजी शीट कागदात गुंडाळून दवाखान्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिनिटांत कळतं, आणि जंताचं औषध कोणतं लागेल हेही. सगळी जंताची औषधं सगळ्या जंतांवर चालत नाहीत. पिपरझिन गोल जंत पाडतं, पट्टकृमींना हात लावत नाही.

फुगलेली अन्नपिशवी आणि उलटं धरून पिळणं

अन्नपिशवी तपासायची वेळ एकच: पहाटे, खुराडं उघडण्याआधी, दाणा-पाणी देण्यापूर्वी. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. संध्याकाळी भरलेली लागली म्हणून घाबरू नका, तेव्हा भरलेलीच असते.

सकाळी ती मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर गवत, सुतळी, केस, प्लास्टिकची चिंधी यांचा बोळा अडकला असेल. परसात ऊस सोलला, मक्याचं कणीस सोललं, नारळाचा काथ्या पडला की हे होतं. दाणा बंद करा, पाणी ठेवा. खोबरेल दोन-तीन मिलि, वर सांगितलेल्या थेंबांच्या पद्धतीनेच द्या. अर्ध्या तासाने बोटांच्या पेरांनी पिशवी हळूहळू चोळा, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गोळा मऊ पडून तुटत जायला हवा. २४ तासांत फरक नसेल तर थांबू नका. म्हातारी, खंगलेली कोंबडी त्याहून जास्त उपाशी ठेवता येत नाही. डॉक्टर पिशवीला छोटा छेद देऊन बोळा काढतात आणि बऱ्याच कोंबड्या त्यातून उठतात.

पिशवी पाणी भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत आणि चोचीला आंबट, ताडीसारखा वास असेल तर आत बुरशी वाढली आहे. इथेच ती मोठी चूक होते: पाय धरून उलटी करायची आणि पिशवी दाबून पाणी काढायचं. पाणी निघतं खरं, पण त्याच तोंडातून, त्याच श्वासाच्या फटीवरून. अर्धं फुप्फुसात जातं. दुसरी चूक मोरचूद. पूर्वी बुरशीला तो पाण्यातून देत; त्याचं प्रमाण जरा चुकलं तरी कोंबडी मरते. बुरशीचं वेगळं औषध मिळतं, ते लिहून घ्या. तोवर दाणे बंद, थोडं ताजं गोड दही आणि भिजवलेलं खाद्य एकेक चमचा, दिवसातून चार वेळा.

म्हाताऱ्या कोंबडीत पिशवी तुंबणं हे अनेकदा दुखणं नसून खूण असते. खाली कुठेतरी वाट अडली असते: जंतांचा गुंता, पोटातली गाठ, अडकलेलं अंडं. पिशवी रिकामी केली आणि आठवड्याने पुन्हा भरली, तर चोळत बसण्यात अर्थ नाही. खालचं पोट तपासा.

पोट मोठं झालं म्हणजे चरबी चढली

दोन पायांमधून हात घालून पोट धरा. निरोगी कोंबडीचं पोट मऊ, थोडं आत गेलेलं असतं.

लिंबाएवढं कडक काहीतरी लागत असेल, कोंबडी शेपटी खालीवर करत जोर काढत असेल, पेंग्विनसारखी उभी राहत असेल, तर अंडं अडकलं आहे. म्हातारी कोंबडी महिन्याकाठी एकच अंडं घालते आणि तेही पातळ कवचाचं किंवा वेडंवाकडं. अडकण्याचा धोका तिलाच जास्त. बोट घालून अंडं फोडून काढणं ही जिवावरची चूक. कवचाचे तुकडे आतली अंडनळी कापतात आणि आत उरलेला बलक सडतो. त्याऐवजी टबात ३८ ते ४० अंशांचं पाणी घ्या. बाळाच्या अंघोळीसारखं कोपराने तपासा. कोंबडीला पोट बुडेपर्यंत २० मिनिटं त्यात बसवा. पहिली दोन मिनिटं फडफडते, मग डोळे मिटून शांत बसते. पाणी गार होऊ देऊ नका. बाहेर काढून पूर्ण कोरडी करा, शेपटीखालच्या जागेला थोडं खोबरेल लावा आणि अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवा. दोन-तीन तासांत अंडं आलं नाही तर पुन्हा एकदा, आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं की आकुंचनाला जोर मिळून अंडं पुष्कळदा सुटतं. दिवस उलटू देऊ नका.

जोर काढून काढून लाल मांस बाहेर आलं असेल तर पहिल्यांदा तिला इतरांपासून दूर न्या, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या टोचून आतडी बाहेर काढतात. कोमट पाण्याने धुवा, वर दाट साखरपाणी लावा (सूज उतरते), भरपूर वंगण लावलेल्या बोटाने हलकेच आत सरकवा आणि अंधारात ठेवा. पुन्हा पुन्हा बाहेर आलं तर टाका घालावा लागतो.

पोट पाण्याच्या पिशवीसारखं डबडबलेलं, चालताना पाय फाकवलेले, बाकी अंग हाडकुळं, ही तिसरी अवस्था. चरबी अशी हलत नाही. बलक नळीत न जाता पोटात पडून सडणं, यकृत किंवा हृदय थकणं, अंडाशयाची गाठ, यांपैकी काहीतरी. अंडाशयाचा कर्करोग कोंबड्यांमध्ये आपोआप होतो आणि वयाबरोबर वाढतो. माणसांच्या त्याच आजाराच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोंबडीच वापरतात. सुईने घरी पाणी काढू नका. आतडं टोचलं जातं, किंवा एकदम सगळं पाणी काढल्याने कोंबडी जागेवर कोसळते. डॉक्टर थोडं थोडं काढतात आणि त्यावर ती काही आठवडे, कधी महिनेही हलकी होऊन हिंडते. मूळ कारण मात्र जात नाही. हे आधीच समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात.

अशक्त आहे म्हणून दूध-पाव, आणि अंडी थांबली तरी लेअरचं खाद्य

दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही, हगवण लागते. पाव अन्नपिशवीत फुगून लगदा होतो. फरसाण, पापड, लोणच्याचा खार यांतलं मीठ तर थेट विष. नुसती तांदळाची कणी किंवा शिळा भात देत राहिलात तर पोट भरतं, मांस भरत नाही.

लेअरच्या, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या, खाद्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. अंडी न घालणाऱ्या कोंबडीला त्यातलं बहुतेक मूत्रपिंडावाटे बाहेर टाकावं लागतं. महिनोन् महिने हे चाललं की मूत्रपिंड आणि सांध्यांत पांढरे खडूसारखे क्षार साचतात, कोंबडी लंगडायला लागते. म्हातारीला एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम असलेलं ग्रोअर (वाढत्या तलंगांचं) खाद्य द्या. कालवांच्या शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडं घालायचं असेल ती कोंबडी आपणहून खाते.

आजारपणात दिवसाला ८०-१०० ग्रॅम ग्रोअर खाद्य कोमट पाण्यात भिजवून, लापशीसारखं, तीन-चार वेळा द्या. वर अर्ध्या उकडलेल्या अंड्याचा चुरा. दोन तासांनी उरलेलं फेका, पावसाळ्यात तर नक्कीच. मका आणि भुईमुगाची पेंड यांना कुबट वास किंवा हिरवट-काळी बुरशी असेल तर म्हातारीला एक दाणाही नको. बुरशीच्या विषाने यकृत जातं, आणि ते वाळवून, धुऊन निघत नाही. बंद ठेवलेल्या कोंबडीला बारीक खडेही लागतात, नाहीतर पथरीत (दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पोटात) दाणे दळले जात नाहीत.

पाण्यात टाकलेली पिवळी पावडर

एक कोंबडी शिंकली की ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पुडी सगळ्यांच्या पाण्यात. यात तीन गोष्टी एकदम चुकतात. जी आजारी आहे ती पाणीच पीत नाही, तिच्या पोटात औषध जात नाही. ज्या बऱ्या आहेत त्यांना नाहक मिळतं. शिवाय हे औषध कॅल्शियमला चिकटतं, त्यामुळे शेजारीच शिंपल्यांची वाटी असेल तर त्याचा बराच भाग वाया जातो. पत्र्याच्या भांड्यातही ते ठेवू नये. तिसऱ्या दिवशी कोंबडी बरी दिसली म्हणून थांबवलं तर जंतू उरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. डॉक्टरांनी एका कोंबडीला दिलेलं औषध त्या एकीलाच, सांगितलेले सगळे दिवस. त्या काळातली आणि नंतर डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांची अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. कोलिस्टिन या प्रतिजैविकाची जुनी पुडी घरात पडली असेल तर वापरू नका. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर २०१९ पासून बंदी आहे.

फिनाईल, रॉकेल आणि गोठ्यातली फवारणी

म्हातारी कोंबडी मातीत लोळत नाही, स्वतःला नीट साफ करत नाही, म्हणून उवा सगळ्यात आधी तिच्यावर. शेपटीखाली पिसं बाजूला करा, पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर ती अंडी. खुराड्यातले रक्त पिणारे कीटक आणि गोचीड मात्र दिवसा अंगावर नसतात. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन दांडीच्या खाली, लाकडाच्या सांध्यांत बघा. नुसती कोंबडी साफ करून खुराडं तसंच ठेवणं म्हणजे बादलीला भोक ठेवून पाणी भरणं.

गुरांवरचं गोचिडीचं औषध अंदाजाने पातळ करून कोंबडीवर मारू नका. पायांचे खवले उचलले जाऊन खडबडीत झाले तर तिथे रॉकेल चोळायची सवय आहे; कातडी भाजते आणि कोंबडी ते चोचीने चाटते. कोमट साबणपाण्याने पाय धुवा, जुन्या दातब्रशने हलके घासा, व्हॅसलिन जाड थापा, दोन दिवसांआड, तीन-चार आठवडे.

पावसाळ्यात शेपटीखाली शीट चिकटून राहिली की माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. गुरांच्या जखमेत ओततात तसं फिनाईल किंवा टर्पेंटाईन इथे ओतलं तर कोंबडी जाते. मिठाच्या कोमट पाण्याने (लिटरला दोन सपाट चमचे मीठ) धुवा, चिमट्याने अळ्या वेचा, भोवतालची पिसं कापा, कोरडं करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. माश्यांच्या दिवसांत म्हाताऱ्या कोंबडीची ती जागा रोज बघावी. अर्धा मिनिट लागतो.

एकटी टाकणं, नाहीतर मुळीच वेगळी न करणं

कोंबड्यांत कोण वरची, कोण खालची हे ठरलेलं असतं. अशक्त दिसली की कालपर्यंत दबणारी आज टोचायला येते आणि दाण्यावर फिरकू देत नाही. म्हणून वेगळी कराच, पण कोठीच्या काळोखात डालग्याखाली टाकून विसरू नका. आजार साथीचा वाटत नसेल तर जाळीच्या पिंजऱ्यात बाकीच्यांना दिसेल, ऐकू येईल अशी ठेवा. बरी झाल्यावर पुन्हा मिसळताना भांडण कमी होतं.

खोक्यात चार इंच कोरडं भाताचं तूस, एका कोपऱ्यावर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, कोंबडीच्या पाठीपासून दीड फूट वर, तारेने पक्का बांधलेला. तुसावर पडला तर आग लागते. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. ऊब अर्ध्याच खोक्यात हवी, म्हणजे गरम झालं तर ती दुसऱ्या टोकाला सरकते. २८-३० अंश पुरे. वीज जाते तिथे गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे या सगळ्याचं उलट: चोच उघडी, पंख लोंबलेले, धापा. तेव्हा पाय साध्या गार पाण्यात, सावली, पंखा. बर्फाच्या पाण्यात बुडवली तर धक्क्यानेच जाते.

आठवडी बाजार

मरायच्या आत विकून टाकू, हा विचार सगळ्यात महाग पडतो, आपल्याला आणि गावालाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, अशाच टोपल्यांतून गावोगाव फिरते. मान पिळवटणं, गोल फिरणं, पंख-पाय लुळे पडणं, हिरवी पातळ शीट, आणि एकीमागून एक कोंबडी आडवी. याला औषध नाही, लसच आहे. म्हातारी म्हणून तिची लस चुकवू नका, आणि आजार पसरल्यावर आजारी कोंबडीला लस टोचण्यात काही हशील नाही.

एकाच दिवसात दोन-तीन कोंबड्या मेल्या, तुरे निळे, डोकं सुजलेलं, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले तर हात लावू नका, चिरू नका, खाऊ नका. देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली होती. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. एरवीही आजारी कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

शेवट लांबवणं, आणि मेल्यावर लगेच फेकून देणं

दोन दिवस स्वतःहून पाणी घेतलेलं नाही, उभं राहता येत नाही, तोंड उघडून श्वास चालू आहे, ऊब देऊनही तळवे गारच. अशी कोंबडी थेंबाथेंबाने आठवडाभर ओढत नेता येते, पण तिच्या वाट्याला यातनाच येतात. तिला शांतपणे सोडवण्याबद्दल डॉक्टरांशी सरळ बोला. ते इंजेक्शनने करतात. असं इंजेक्शन दिलेल्या, किंवा औषधं चालू असलेल्या कोंबडीचं मांस घरातल्या कुत्र्या-मांजरालाही घालू नका.

मेलेली कोंबडी लगेच पुरायची घाई मात्र करू नका, विशेषतः खुराड्यात आणखी कोंबड्या असतील तर. हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा आणि बर्फाच्या खोक्यात ठेवा. गोठवू नका, गोठवल्याने आतल्या अवयवांच्या पेशी फुटतात आणि तपासणी नीट होत नाही. २४ तासांच्या आत पशुवैद्यकाकडे शवविच्छेदनासाठी न्या. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आणि पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात ही तपासणी होते. सोबत एका कागदावर लिहून द्या: वय, शेवटचं अंडं कधी घातलं, वजन किती उतरलं, काय खायला दिलं, कोणतं औषध किती दिवस. बर्ड फ्लूची शंका असेल तर न्यायचीही नाही, आहे तिथेच ठेवून फोन करायचा. तपासणी करायची नसेल तर विहीर-नाल्यापासून लांब तीन फूट खड्डा घ्या, खाली-वर चुना टाका आणि वर दगड ठेवा, म्हणजे कुत्री उकरत नाहीत.